किल्ली एक, हात पाच

व्यापारी घराण्यात ‘खाते’ हा शब्द मुलाच्या कानावर फार लवकर पडतो. कोणाच्या नावे किती टाकले, कोणाचे जमा झाले, कोणते खाते उचलते आहे आणि कोणते बंद करावे, ही भाषा पेढीवर वाढलेल्या मुलाला वेगळी शिकवावी लागत नाही. गल्ल्याची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, मुनीमाने कोठवर सही करावी, भाचा दुकानात बसू लागला तर त्याला उधारी देण्याची मुभा किती असावी, याचे नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसतात; पण ते मोडले की घर कसे बसते, हे प्रत्येक जुन्या पेढीने पाहिलेले असते. गेल्या काही वर्षांत याच घरांत एका नव्या प्रकारची खाती उघडली गेली आहेत. ती मोबाइलमध्ये असतात, त्यांना वही नसते, आणि त्यांच्याबाबत मात्र जुनी शिस्त कोणालाच आठवत नाही. ज्या घरात गल्ल्याची किल्ली दोन हातांत जात नाही, त्याच घरात एका चॅनेलचा पासवर्ड पाच जणांच्या फोनमध्ये असतो.

इस्लापूर हे किनवट तालुक्यातील, पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचे गाव. कापड, किराणा, कापूस आणि सोयाबीन यांच्या व्यवहारावर जगणाऱ्या अशा गावात बसूनही आज जगाला माल विकता येतो, आणि तो माल केवळ वस्तूच असतो असे नाही. कांदा, लसूण व कंदमुळे यांच्याविना होणारे पदार्थ शिकवणारी सून, लेखापरीक्षणाच्या परीक्षेची तयारी करून घेणारा पुतण्या, साडीचे नवे नमुने दाखवणारी मुलगी, हे सारे यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर प्रेक्षक जमवतात. प्रेक्षक वाढले की ‘जॉईन’चे बटण मिळते आणि काही प्रेक्षक दरमहा ठरावीक वर्गणी भरून सदस्य होतात. यूट्यूबच्या सदस्यत्वात कर व इतर शुल्क वजा जाता ७० टक्के रक्कम चॅनेलचालकाला मिळते, उरलेली कंपनी ठेवते. याशिवाय जाहिरातींचे उत्पन्न वेगळे. म्हणजे हा छंद राहत नाही. तो धंदा होतो. आणि धंदा झाला की त्याला मालक, मुखत्यार, हिशेब आणि वारस हे चार प्रश्न आपोआप चिकटतात.

सारोळा कासारची शिकवण

या धंद्यात घराचे काय पणाला लागते, हे समजण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार येथील सुमन धामणे या सत्तरीच्या आजींनी २०२० मध्ये नातू यश पाठक याच्या मदतीने ‘आपली आजी’ हे पाककृतींचे चॅनेल सुरू केले. नातवाने पावभाजी मागितली, आजींना ती येत नव्हती, म्हणून त्याने त्यांना मोबाइलवर कृती दाखवली. तेथून हा प्रवास सुरू झाला. आजींच्या हाताची चव आणि अस्सल नगरी बोली लोकांना इतकी भावली की काही महिन्यांतच वर्गणीदारांची संख्या लाखांत गेली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला ते चॅनेल चोरांच्या हाती गेले. महिनोन्‌महिन्यांचे काम एका रात्रीत दिसेनासे झाले. कंपनीशी पाठपुरावा केल्यावर चार दिवसांनी ते परत मिळाले. ते चार दिवस त्या घरात अन्न गोड लागले नाही.

हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणवीर अलाहाबादिया यांची दोन चॅनेले चोरांनी ताब्यात घेतली. त्याच महिन्याच्या २० तारखेला तर प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब चॅनेलवर घटनापीठाच्या सुनावणीऐवजी एका आभासी चलनाची जाहिरात झळकली. ज्यांच्याकडे तंत्रज्ञ आहेत त्यांची ही गत, तर दुकानाच्या माळ्यावर बसून मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या घराने अधिक सावध असायला हवे.

या चोऱ्या होतात कशा, हे समजून घेतले की किल्ली वाटण्यातला धोका स्पष्ट होतो. गूगलच्या सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये या चोरांची एक रीत उघड केली. चॅनेलचालकाला एखाद्या कंपनीच्या नावाने जाहिरातीचा प्रस्ताव येतो. सोबत एक फाइल असते. ती उघडताच संगणकातील ‘कुकी’ चोरली जाते. कुकी म्हणजे एकदा आत आलेल्या माणसाला पुनःपुन्हा पासवर्ड विचारला जाऊ नये म्हणून संगणकाने जपलेली खूण. ती खूण चोराच्या हाती गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. तो घरचाच माणूस असल्यासारखा आत शिरतो. आता ज्या खात्यात एकच संगणक उघडा आहे, तेथे चोराला एक दार आहे. ज्या खात्यात सून, दीर, पुतण्या, नांदेडचा संकलक आणि पुण्यात शिकणारा मुलगा असे पाच जण पाच यंत्रांवरून मालक म्हणून उघडे आहेत, तेथे दारे पाच आहेत. आणि त्यांतले सर्वांत कच्चे दार जितके मजबूत, तितकेच सारे घर मजबूत.

किल्ली नव्हे, अधिकार द्यावा

यावर उपाय जुन्या पेढीनेच सांगून ठेवला आहे. शेठजी गावाला जाताना मुनीमाला स्वतःची सही शिकवून जात नसत. ते त्याला मुखत्यारपत्र देत. त्यात तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे लिहिलेले असे, आणि ते केव्हाही रद्द करता येत असे. बँकेतही आजारी खातेदाराने चिरंजीवाला एटीएम कार्डाचा पिन सांगावा, यापेक्षा त्याने रीतसर अधिकारपत्र लिहून द्यावे, अशीच रीत आहे.

यूट्यूबने हीच सोय ‘परवानग्या’ या नावाने दिली आहे. चॅनेलचा मालक दुसऱ्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या ईमेलवर निमंत्रण पाठवून व्यवस्थापक, संपादक, मर्यादित संपादक किंवा केवळ पाहणारा अशी भूमिका देऊ शकतो. व्यवस्थापक जवळजवळ सर्व कामे करू शकतो, पण चॅनेल कायमचे पुसून टाकू शकत नाही. मर्यादित संपादकाला चित्रफिती चढवता येतात, पण उत्पन्नाचे आकडे दिसत नाहीत. ही शेवटची सोय एकत्र कुटुंबाला विशेष उपयोगी आहे, कारण बाहेरच्या संकलकाला घराची कमाई कळण्याचे काही कारण नसते.

अधिकार आणि किल्ली यांतला खरा फरक माणूस दूर होतो तेव्हा कळतो. अधिकार दिलेला संकलक काम सोडून गेला तर यादीतून त्याचे नाव काढले की विषय संपतो, बाकीच्यांचे काम अडत नाही. पासवर्ड दिलेला माणूस गेला तर पासवर्ड बदलावा लागतो, सर्वांना नवा कळवावा लागतो आणि तरीही त्याने मधल्या काळात स्वतःचा फोन नंबर खात्यात घातला नसेल ना, ही शंका उरते. भावाभावांत वाटणी होते तेव्हा हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. दुकानाची वाटणी पंच करतात, मालाची मोजदाद होते; पण ज्या खात्याचा पासवर्ड दोघांकडे आहे आणि मालकी कोणाच्या नावावर आहे हे कधी ठरलेच नाही, तेथे पंच तरी काय करणार?

एकात एक गुंतवलेली खाती

दुसरा धोका वाटण्याचा नाही, जोडण्याचा आहे. आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. यूट्यूबचे पैसे ‘ॲडसेन्स’ नावाच्या खात्यातून येतात. एका व्यक्तीच्या नावे असे एकच खाते असावे, असा नियम आहे. मात्र त्या एका खात्याला एकापेक्षा अधिक चॅनेले जोडता येतात. खाते उघडणारा १८ वर्षांचा असावा लागतो. शाळकरी मुलाचे चॅनेल पालकाच्या खात्याला जोडले जाते. उत्पन्न १० डॉलरवर गेले की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी टपालाने एक पिन येतो, आणि १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम बँकेत येत नाही. हे सारे सोपस्कार पुन्हा पुन्हा कोण करणार, म्हणून घरातल्या ज्याचे खाते आधी उघडले असेल, त्यालाच बाकीच्यांची चॅनेले जोडून टाकण्याची पद्धत पडते.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, इस्लापूरच्या एका घरात वहिनींचे पाककृतींचे चॅनेल आहे. पर्युषणाच्या दिवसांत चालणाऱ्या पदार्थांसाठी दोनशे सदस्य दरमहा वर्गणी भरतात. त्याच खात्यातून, त्याच ईमेलवर, दिराने भक्तिगीतांचे दुसरे चॅनेल काढले आहे. दीर हौशी आहे. तो चित्रपटातील गाण्यांचे मूळ संगीत मागे लावून स्तवने चढवतो. संगीत कंपनीची तक्रार येते, नव्वद दिवसांत अशा तीन तक्रारी होतात. यूट्यूबचा नियम असा की तीन स्वामित्वहक्क-तक्रारी झाल्यावर ते खाते आणि त्याच्याशी निगडित इतर चॅनेलेही बंद केली जाऊ शकतात, आणि ज्याचे चॅनेल असे बंद झाले त्याला नवे चॅनेल काढण्याचीही मनाई होते. दिराच्या हौसेपायी वहिनींची चूल विझते. त्यांनी कोणाचे एक अक्षरही उचललेले नसते. पण कंपनीच्या दृष्टीने खाते एक, म्हणून दोष एक.

ॲडसेन्सचेही तसेच. आपल्याच चॅनेलवरील जाहिरातींवर आपण टिचकी मारणे किंवा आप्तांना मारायला सांगणे हा तेथे मोठा अपराध समजला जातो. ‘काकू, आमच्या व्हिडिओवरची जाहिरात रोज उघडत जा’ असा कौतुकाने पाठवलेला संदेश त्या खात्याच्या मुळावर येऊ शकतो. ते खाते बंद पडले तर त्याला जोडलेल्या प्रत्येक चॅनेलचे उत्पन्न थांबते. चॅनेल दुसऱ्या ॲडसेन्स खात्याला जोडता येते, पण असा बदल ३२ दिवसांत एकदाच करता येतो. म्हणजे घाईत केलेली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत नाही. एका कुळाला जामीन राहताना व्यापारी दहा वेळा विचार करतो. खाते जोडणे म्हणजे जामीन राहणेच होय. फरक इतकाच की येथे स्टँप पेपर दिसत नाही.

पैसा कोणाचा, पॅन कोणाचे

व्यापारी घराला सर्वांत जड पडू शकते ती चूक मात्र तिसरीच आहे. पुतण्याचे बँक खाते नसते किंवा त्यात व्यवहार कमी असतो, म्हणून चॅनेलचे पैसे काकांच्या दुकानाच्या खात्यात मागवले जातात. घरचाच पैसा घरात येतो, अशी त्यामागची भावना. पण कर खात्याला ‘घर’ दिसत नाही, त्याला पॅन दिसते.

काका जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतील तर प्रश्न गंभीर होतो. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या लहान व्यापाऱ्याला या योजनेत एक टक्का कर भरून सुटसुटीत हिशेब ठेवता येतो. मात्र आंतरराज्य विक्री करणाऱ्याला ही योजना मिळत नाही, आणि १ जानेवारी २०२१ पासून ही अट वस्तूंबरोबर सेवांनाही लागू आहे. परदेशी कंपनीला दिलेली सेवा ही कायद्याने आंतरराज्य पुरवठ्यातच मोडते. म्हणजे पुतण्याच्या चॅनेलचे परदेशातून येणारे, महिन्याला दहा-पंधरा हजारांचे उत्पन्न काकांच्या पॅनवर त्यांचेच म्हणून गणले गेले, तर त्यांच्या साऱ्या किराणा दुकानाची कंपोझिशन योजनेतील पात्रताच धोक्यात येते. जीएसटीची उलाढाल पॅननिहाय मोजली जाते आणि तीत निर्यातही धरली जाते. याउलट तेच उत्पन्न पुतण्याच्या स्वतःच्या नावे असेल तर सेवेसाठी असलेली २० लाखांची नोंदणीमर्यादा त्याला स्वतंत्रपणे मिळते. एका खात्याचा क्रमांक भरताना केलेली सोय सबंध दुकानाला भोवावी, हा व्यवहार कोणत्याही मुनीमाने मान्य केला नसता. अशी जोडणी आधीच झालेली असेल तर घरच्या करसल्लागाराला ती याच महिन्यात दाखवावी. वर्षअखेरीची वाट पाहू नये.

आयकराचे तत्त्वही हेच आहे. ज्याने कमावले, त्याच्या नावे उत्पन्न. अज्ञान मुलाचे उत्पन्न सामान्यतः आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्यात मिळवले जाते; परंतु मुलाने स्वतःच्या कौशल्याने वा गुणांनी कमावलेले उत्पन्न याला अपवाद आहे, ते त्याचेच राहते. शाळकरी मुलाचे चॅनेल वडिलांच्या ॲडसेन्स खात्याला जोडलेले असले, तरी कमाई कोणाची हे दाखवणारा लेखी हिशेब ठेवला तर पुढे उत्तर देणे सोपे जाते. रोजकीर्दीत एक स्वतंत्र पान एवढेच त्याला पुरेसे आहे.

अमेरिकेच्या कराचाही येथे संबंध येतो. २०२१ पासून यूट्यूब सर्व चॅनेलचालकांकडून करविषयक माहिती मागते. ती भरली नाही तर जगभरातील एकूण उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत रक्कम कापली जाऊ शकते. ती रीतसर भरून भारत-अमेरिका करार दाखवला तर केवळ अमेरिकी प्रेक्षकांपासूनच्या उत्पन्नावर १५ टक्के कपात होते. या अर्जावरील नाव, ॲडसेन्सवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव एकच असावे लागते. कमावणारी सून, ॲडसेन्स दिराचे आणि बँक खाते सासऱ्यांचे, अशी त्रिस्थळी यात्रा असेल तर पैसे अडकणारच.

वर्गणी भरणाऱ्याची बाजू

आतापर्यंत कमावणाऱ्याचा विचार झाला. पण घराघरांत भरणारे अधिक असतात. चित्रपट पाहण्याची वर्गणी, संगीताची वर्गणी, मुलांच्या ऑनलाइन वर्गांची वर्गणी आणि एखाद्या आवडत्या चॅनेलचे सदस्यत्व, अशी चार-पाच खाती प्रत्येक घरात असतात. यांपैकी काही वाटण्यासाठीच बनवलेली असतात, काही नसतात, आणि गोंधळ तेथेच होतो.

यूट्यूब प्रीमियमच्या कौटुंबिक योजनेत कुटुंबप्रमुखासह सहा जण असू शकतात. पण ते एकाच पत्त्यावर राहणारे असावेत, अशी अट आहे. एकत्र कुटुंब ही आपल्याकडे नात्याची गोष्ट आहे, कंपनीच्या लेखी ती एका छपराची गोष्ट आहे. इस्लापूरचे काका, नांदेडची आत्या आणि पुण्यातला पुतण्या हे आपल्या दृष्टीने एक घर, त्यांच्या दृष्टीने तीन घरे. गूगलचा कुटुंबगट बारा महिन्यांत एकदाच बदलता येतो, हेही ध्यानात ठेवावे. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतात हाच नियम कडकपणे राबवण्यास सुरुवात केली: एक खाते, एक घर. शिवाय कौटुंबिक योजना घेतली म्हणून एखाद्या चॅनेलचे ‘जॉईन’ सदस्यत्व घरातल्या सहा जणांना मिळत नाही. ते ज्या खात्याने घेतले त्याचेच असते.

यात एक नैतिक बाजूही आहे आणि ती या घरांना परकी नाही. पाच अणुव्रतांपैकी अचौर्याचा अर्थ केवळ दुसऱ्याच्या घरात हात न घालणे इतका अरुंद कधीच नव्हता. जे दिलेले नाही ते घेणे, म्हणजे अदत्तादान, हा त्याचा मूळ विषय. ज्या शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या शुल्कात एका विद्यार्थ्याला शिकवण्याचे कबूल केले, त्याच्या वर्गाचा पासवर्ड चार मित्रांत वाटला गेला तर तीन जागांचे मोल न देता घेतले गेले. खोट्या वजनाने माल न देण्याचा अभिमान बाळगणाऱ्या घरातील मुलाला हे समजावून सांगणे अवघड नाही. फक्त कोणीतरी सांगायला हवे. अशा वर्गांचे खाते बहुधा एका विद्यार्थ्याला आणि ठरावीक यंत्रांना बांधलेले असते. परीक्षेच्या तोंडावर ते बंद पडले, तर वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट नुकसान होते.

वर्गणीला जोडलेल्या कार्डाचाही विचार व्हावा. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू केले. पहिल्या वेळी ओटीपी लागतो. पुढे प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना येते, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला पुन्हा ओटीपी लागत नाही. ही सूचना ज्याचे कार्ड त्याच्या फोनवर येते. पुतण्याने काकांच्या कार्डावर घेतलेली वर्गणी काकांनी न वाचलेल्या संदेशांच्या ढिगात महिनोन्‌महिने कापली जात राहते. महिन्यातून एकदा बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधील अशा आदेशांची यादी उघडावी आणि नको ते रद्द करावे. उधारीची वही चाळण्याइतकेच हे काम नियमाने व्हावे.

कार्डाचे तपशील किंवा ओटीपी घरच्या मुलाला दिला आणि तेथून तो फुटला तर काय? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जबाबदारीचे तत्त्व स्पष्ट केले आहे: ग्राहकाने गुप्त तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे. ‘मुलालाच दिला होता’ ही सबब तेथे चालत नाही.

भाड्याने मागितलेले खाते

शेवटचा धोका घराबाहेरून येतो. कोणी सांगतो, ‘तुमच्या नावे ॲडसेन्स उघडून द्या, आम्ही चॅनेल चालवतो, दरमहा ठरावीक रक्कम तुम्हाला.’ कोणी बँक खातेच काही टक्क्यांवर मागतो. कष्टाविना येणारे हे उत्पन्न महाविद्यालयीन मुलांना भुरळ घालते. पण अशा खात्यात फसवणुकीचा पैसा आला की पहिले गोठते ते तेच खाते, आणि पोलिसांच्या दारात पहिला उभा राहतो तो ज्याच्या नावाचे पासबुक आहे तोच. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क (सी) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड असलेला गुन्हा आहे. नाव ही पेढीची पहिली पुंजी. ती भाड्याने देण्याची वस्तू नव्हे. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

घराने लिहून ठेवावयाचे सहा नियम

१. प्रत्येक चॅनेलचा मालक एक असावा आणि तो कोण, हे घरात लिहून ठेवावे. बाकीच्यांना त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर अधिकार द्यावेत.

२. एका ईमेलवर दोन वेगळ्या माणसांची चॅनेले ठेवू नयेत. ज्याची कृती, त्याचे खाते.

३. कमावणाऱ्याचे पॅन, ॲडसेन्स आणि बँक खाते एकाच नावाचे असावे. दुकानाचे चालू खाते या व्यवहारापासून दूर ठेवावे.

४. मालकाच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी असावी. जाहिरातीच्या प्रस्तावासोबत आलेली फाइल कोणीही, कोणत्याही यंत्रावर उघडू नये. कंपनीला तिच्या अधिकृत पत्त्यावर आधी विचारावे.

५. वर्गणी घेताना ती एका माणसाची, एका घराची की गटाची, हे वाचावे. एका माणसाची असेल तर ती वाटू नये. वाटण्याची गरज असेल तर वाटण्याची योजनाच घ्यावी.

६. वारस नेमावा. गूगलमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ अशी सोय आहे. खाते ३ ते १८ महिने वापरले गेले नाही तर त्यातील माहिती मालकाने आधी नेमलेल्या, कमाल दहा विश्वासू व्यक्तींना कळवली जाते. बँकेच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नामनिर्देशितांपर्यंत नावे देता येतात. ठेवीला जे सुचते, ते कमावत्या चॅनेललाही सुचावे.

एकत्र कुटुंबाचे बळ विश्वासात आहे आणि त्या विश्वासाला येथे कोणी हात लावू पाहत नाही. पण आपल्या वाडवडिलांनी विश्वास आणि हिशेब यांत कधी विरोध मानला नाही. भावाला दिलेले पैसेही ते वहीत लिहीत, आणि त्यामुळेच भाऊ भाऊ राहत. नव्या खात्यांचीही तीच रीत ठेवावी. येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या आधी घरातील ज्येष्ठांनी मुलांना, सुनांना जवळ बसवून एवढेच विचारावे: आपल्या घरात अशी खाती किती, ती कोणाच्या नावावर, आणि किल्ली कोणाकोणाच्या हाती? उत्तर एका पानावर मावेल. ते पान नव्या वहीत पहिले असावे.